पाण्याबाहेरचे मटण

मटणाचा रस्सा करणाऱ्याला थर्मामीटर कधी लागला नाही, याचे श्रेय आपण सरसकट हाताच्या अंदाजाला देतो. ते चुकीचे नाही, पण त्यातले निम्मे श्रेय पाण्याचे आहे. पातेल्यात रस्सा आहे तोवर चुलीत कितीही लाकडे सारली तरी आतल्या मटणाचे तापमान उकळीच्या वर जात नाही. जाळ वाढवला तर खदखद वाढते, वाफ जास्त जाते, रस्सा आटतो, पण आकडा जागचा हलत नाही. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर असल्यामुळे आमच्याकडे हा आकडा १०० नसून ९७.५ अंश सेल्सिअसच्या आसपास आहे. कुकर लावला तर वाफ कोंडल्यामुळे तो १२० च्या घरात जातो आणि तिथे पुन्हा स्थिर होतो. म्हणजे रस्सा करणाऱ्याला तापमान ठरवावेच लागत नाही. ते पाण्याने आधीच ठरवून दिलेले असते आणि त्याने फक्त वेळ सांभाळायचा असतो. गावच्या जत्रेतल्या हंड्यांपासून रविवारच्या घरच्या पातेल्यापर्यंत आमच्या सीमाभागातला बहुतेक सगळा मटणाचा स्वयंपाक या एका सोयीवर चालत आलेला आहे.

तेच मटण पाण्याबाहेर काढून निखाऱ्यांवरच्या जाळीवर ठेवले की ही सोय संपते. जाळीवरची हवा शंभर अंशांची असू शकते, तीनशेची असू शकते, आणि वाऱ्याची एक झुळूक आली की दोन मिनिटांत बदलू शकते. त्या हवेतल्या तुकड्याचा वरचा थर करपत आलेला असताना मधला गाभा फ्रीजमधून काढल्याइतका गारही असू शकतो. एकाच तुकड्यात एकाच वेळी इतकी तापमाने नांदत असताना ‘शिजले का?’ हा प्रश्न नेमका कोणत्या जागेबद्दल विचारायचा, हेच आधी ठरवावे लागते. मांसाचा थर्मामीटर ही चैनीची वस्तू आहे असे म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. रश्शापुरती ती चैनच आहे. विस्तवावर मात्र तिच्याशिवाय भागवणारा माणूस तापमान ठरवण्याचे पाण्याचे कामही स्वतःच्या अंगावर घेत असतो, आणि हे त्याला बहुधा ठाऊक नसते.

माझी नोकरी उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत, भट्ट्यांच्या तापमानाशी संबंधित. तिथे वितळलेले लोखंड चौदाशे अंशांच्या आसपास ओतायचे असते आणि त्यात दोन-चार अंश इकडेतिकडे झाले तर कोणी मान वर करून पाहत नाही. मांसाचे तसे नाही. कोंबडीच्या छातीचा तुकडा ७२ अंशांवर रसरशीत असतो आणि ८२ वर कापसासारखा कोरडा होतो. एवढ्या दहा अंशांत सगळा खेळ संपतो. भट्टीवर काम करणाऱ्याला जे कसब कधी लागत नाही ते शेगडीवर लागते, ही गोष्ट मला आजही मौजेची वाटते.

इकडे जाळीवर भाजण्याची हौस अलीकडे बरीच वाढली आहे. जांबोटी रस्त्याला किंवा हिडकल धरणाच्या बाजूला कोणाचे शेत असेल तर थंडीच्या दिवसांत तिथे शेगडी पेटतेच. लोखंडी पिंप उभे चिरून, त्याला बिजागरी आणि पाय जोडून देणारे वेल्डर आमच्या गावात हाकेच्या अंतरावर आहेत. (पिंप घेताना त्यात पूर्वी काय भरलेले होते हे विचारावे, आणि जस्ताचा मुलामा असलेला पत्रा वापरू नये, तो तापला की अपायकारक धूर सोडतो.) पिंप होते, कोळसा मिळतो, पाककृती मोबाइलवर दिसतात. त्या पाककृती बहुतेक अमेरिकन असल्यामुळे त्यातले आकडे फॅरेनहाइटमध्ये असतात, आणि २२५ हा आकडा वाचून आमचा एखादा उत्साही गडी पिंप खरोखरच २२५ सेल्सिअसपर्यंत तापवतो. त्या २२५ चे आपले होतात १०७. धुरावर मंद भाजण्याचे सगळे शास्त्र १०७ ते १२० अंशांच्या या पट्ट्यात आहे, आणि हा पट्टा तळहात धरून ओळखता येत नाही.

डोळ्यांनी ओळखावे म्हटले तर आमच्याकडे वेगळीच अडचण आहे. संकेश्वरी मिरचीचे वाटण, त्यात रंगासाठी ब्याडगी, वर हळद. मसाला लावून रात्रभर मुरवलेला तुकडा कच्चा असतानाच शिजल्यासारखा लालभडक दिसतो. ‘आतला रस स्वच्छ आला की झाले’ हा पाश्चात्त्य पुस्तकांतला नियम इथे लागूच पडत नाही, कारण आतून येणारा रस मसाल्याच्या रंगाचा असतो. मसाला नसला तरी रंग हा भरवशाचा साक्षीदार नाही. ब्रॉयलर कोंबडी जेमतेम सहा आठवड्यांची असते, तिची हाडे पुरती घट्ट झालेली नसतात, आणि शिजताना त्यातला लाल रंग बाहेर झिरपून हाडाजवळचे मांस पूर्ण शिजल्यावरही लालसर दिसते. असा तुकडा पाहून कितीतरी जण तो पुन्हा विस्तवावर ठेवतात आणि चांगले मांस वाया घालवतात. धुरावर भाजलेल्या मांसाला कडेने गुलाबी वलय येते ते तर धुरातल्या वायूंमुळे, कच्चेपणामुळे नव्हे.

सुरक्षिततेचे आकडे थोडे आहेत आणि ते पाठ असावेत. अमेरिकेच्या कृषी खात्याने दिलेले आकडे जगभर वापरले जातात: कोंबडी, तिच्या खिम्यासह, ७४ अंश, बकऱ्या-मेंढ्याचा खिमा ७१ अंश, आणि बकऱ्या-मेंढ्याचा अख्खा तुकडा ६३ अंश व त्यानंतर तीन मिनिटे विश्रांती. खिम्याचा आकडा अख्ख्या तुकड्यापेक्षा जास्त का, हे समजून घेतले की तो विसरला जात नाही. रोगजंतू मुख्यतः मांसाच्या पृष्ठभागावर असतात. अख्ख्या तुकड्याचा पृष्ठभाग निखाऱ्यांवर क्षणात भाजून निघतो, पण खिमा करताना तोच पृष्ठभाग यंत्रातून आतबाहेर मिसळला जातो. सळईवरच्या मटणाच्या खिम्याच्या कबाबाला म्हणूनच गाभ्यापर्यंत ७१ गाठावे लागतात, आणि बाहेरून खरपूस दिसणारा कबाब आत ५५ वर असण्याची शक्यता बरीच असते.

७४ या आकड्यात आणखी एक गोष्ट दडलेली आहे. जंतू मरणे हे केवळ तापमानावर नव्हे, तर तापमान आणि वेळ या दोहोंवर अवलंबून असते. ७४ ला काम तत्क्षणी होते. ६६ च्या आसपास तेच काम व्हायला काही मिनिटे लागतात, पण होते. त्यामुळे कोंबडीच्या छातीचा जाड तुकडा ७१-७२ वर उतरवून, झाकून ठेवला आणि झाकणाखाली आकडा ७४ वर चढलेला पाहिला तर तो सुरक्षितही असतो आणि कोरडाही पडत नाही. उतरवल्यावर आकडा चढतो तो बाहेरच्या थरांतली उष्णता आत सरकत राहिल्यामुळे. कडक निखाऱ्यांवरून उतरवलेला मोठा तुकडा चार-सहा अंश सहज चढतो; मंद धुरावरचा क्वचितच एक-दोन अंश. आमच्याकडे दुकानात कोंबडी बहुधा सोलूनच देतात, कातडीचे संरक्षण तिला नसते, आणि म्हणून हे दोन-तीन अंश परदेशातल्यापेक्षा आपल्याला अधिक मोलाचे आहेत. लेग पीसचे मात्र उलटे आहे. तो ७४ ला सुरक्षित असला तरी चिवट लागतो, आणि ८० ते ८५ पर्यंत नेला तर हाडापासून सुटतो.

बकऱ्याच्या मागच्या अख्ख्या पायाबद्दल माझे मत जरा ठाम आहे. ६३ ला उतरवलेला पाय आतून गुलाबी असतो आणि आमच्या पंगतीत तो कोणी ताटात घेणार नाही, हे मान्य करून टाकावे. मग लोक काय करतात, तर ‘थोडे अजून’ म्हणत तो ७२, ७५, ७८ पर्यंत नेतात आणि तिथे थांबतात. बकऱ्याच्या पायासाठी यापेक्षा वाईट जागा नाही. या टप्प्यावर स्नायूंचे तंतू आकसून त्यांतला रस पिळून निघालेला असतो, आणि तंतूंना बांधून ठेवणारे कोलॅजन मात्र अजून विरघळलेले नसते. म्हणजे मांस कोरडेही आणि चिवटही. कोलॅजनचे जिलेटिन होण्याचा वेग सत्तरीनंतर वाढत जातो आणि नव्वदीच्या जवळ ते तासा-दोन तासांत होते. म्हणून एकतर ६३ ला थांबावे, नाहीतर मधली वस्ती न करता थेट ९० ते ९५ गाठावेत, तेही सावकाश, झाकून, ओलावा राखून. आपल्या लोकांच्या जिभेला दुसरा मार्गच मानवतो, कारण रश्शातले मटण वर्षानुवर्षे याच तापमानाला शिजत आले आहे.

आता यंत्राची निवड. घरातला तापाचा थर्मामीटर यासाठी चालत नाही, कारण त्याची धाव ४२ अंशांच्या आसपास संपते. प्रयोगशाळेतली काचेची नळी तर मांसाजवळही नेऊ नये, मग ती कितीही अचूक असो. आत फुटली तर काच आणि पारा दोन्ही ताटात येतात. बाजारात जे मिळते त्यात सर्वांत जुना प्रकार गोल तबकडी आणि काट्याचा. त्याच्या दांड्यात दोन वेगळ्या धातूंची पट्टी वेटोळे करून बसवलेली असते, आणि दोन्ही धातू उष्णतेने कमीअधिक प्रसरण पावत असल्यामुळे वेटोळे पिळवटून काटा फिरतो. अठराव्या शतकात जॉन हॅरिसनने जहाजावरच्या घड्याळासाठी अशी पट्टी वापरली, तेच हे तत्त्व. साधे, सेल न लागणारे, दणकट. त्याचा दोष असा की ते वेटोळे दांड्याच्या टोकापासून पाच-सहा सेंटिमीटरपर्यंत पसरलेले असते आणि काटा त्या सगळ्या लांबीची सरासरी दाखवतो. अख्ख्या पायात तो खपून जातो, पण दोन सेंटिमीटर जाडीच्या कोंबडीच्या तुकड्यात त्याचा अर्धा दांडा बाहेरच्या हवेत असतो आणि दाखवलेला आकडा ना मांसाचा ना हवेचा.

डिजिटल सुयांमध्ये दोन कुळे आहेत. एकात टोकाशी थर्मिस्टर असतो, म्हणजे तापमान वाढले की ज्याचा विद्युतरोध उतरतो असा बारीक मणी. हा स्वस्त असतो, काही शे रुपयांत मिळतो, आणि आकडा स्थिरावायला पाच-दहा सेकंद घेतो. दुसऱ्यात थर्मोकपल असते, दोन वेगळ्या धातूंच्या तारांचा सांधा. त्या सांध्याला ऊब लागली की किंचित विद्युतदाब निर्माण होतो, हे सीबेकने १८२१ मध्ये पाहिले. आमच्या फाउंड्रीतल्या उष्णतोपचाराच्या भट्टीत असते ते के जातीचे थर्मोकपल आणि चांगल्या मांस-थर्मामीटरमधले थर्मोकपल ही सख्खी भावंडेच. सांधा अगदी टोकावर आणि बारीक असल्यामुळे आकडा दोन-तीन सेकंदांत येतो. किंमत अर्थातच कित्येक पटींनी जास्त. जाळीवर भाजणाऱ्याला हा वेग हवाच असतो, कारण हात निखाऱ्यांवर धरून दहा सेकंद वाट पाहणे म्हणजे काय ते मनगटावरचे केस सांगतात. तरीही नवख्याने आधी थर्मिस्टरची बारीक टोकाची, पाण्याला न घाबरणारी, सेल्सिअस दाखवणारी सुई घ्यावी असेच मी सांगतो. सुईचे टोक बारीक असणे हे पडद्यावरच्या रंगीत दिव्यांपेक्षा फार महत्त्वाचे आहे.

तिसरा प्रकार मांसात रोवून ठेवायचा: सुई आत, तार झाकणाच्या फटीतून बाहेर, आकडा बाहेरच्या डबीवर. धुरावर चार-पाच तास चालणाऱ्या कामाला हाच लागतो, कारण दर वेळी झाकण उघडून पाहिले तर साठवलेली सगळी ऊब निघून जाते. दोन सुयांचा संच घ्यावा, एक मांसासाठी आणि एक हवेसाठी. बिनतारी सुया हल्ली मिळतात, मोबाइलवर आलेख काढून दाखवतात. ज्यांना आलेख आवडतात त्यांनी जरूर घ्याव्यात, पण त्यातली इलेक्ट्रॉनिक जुळणी ठरावीक तापमानापुढे टिकत नाही आणि कडक जाळावर ती वापरणे जोखमीचे असते. राहिला इन्फ्रारेडचा पिस्तुलासारखा थर्मामीटर, जो आमच्या कारखान्यात ऊठसूट वापरला जातो. तो फक्त पृष्ठभाग वाचतो. तव्यासाठी उत्तम, मांसाच्या गाभ्यासाठी निरुपयोगी.

यंत्र कोणतेही असो, ते एकाच बिंदूचे तापमान सांगते आणि तो बिंदू आपण निवडायचा असतो. मी स्वतः असे करतो: तुकड्याच्या कडेने, जाळीला समांतर, सुई सर्वांत जाड भागात घालतो आणि मध्यापेक्षा जरा पुढेच नेतो. मग ती हळूहळू मागे ओढत आकड्यावर लक्ष ठेवतो. आकडा ८१ वरून ७६, ७१, ६६ असा उतरतो, ६४ वर क्षणभर थबकतो आणि पुन्हा ६७, ७२ असा चढू लागतो. ६४ हा गाभा. सगळ्यांत कमी आकडा तोच खरा, बाकीचे वाटेतले. वरून सरळ खाली खुपसणाऱ्याची सुई बहुतेक वेळा गाभा ओलांडून तळाच्या तापलेल्या थरात जाते आणि जाळीच्या उष्णतेचा आकडा मांसाच्या नावावर खपतो. हाडाचेही भान ठेवावे लागते. आपल्याकडे हाड नसलेले मटण मागणारा माणूस संशयाने पाहिला जातो, त्यामुळे हाड असणारच; सुईला टणक लागले की अर्धा-एक सेंटिमीटर मागे यावे, कारण हाडाला टेकलेली सुई मांसाचे सांगत नाही. मागच्या पायात हाडाला समांतर, गुडघ्याच्या बाजूने वर सुई सारली की ही अडचण येत नाही.

हे सगळे चालू असताना माझा मेहुणा शेजारी उभा राहून म्हणतो, “भावजी, मटणाला ताप आलाय की काय? काय बघालाय एवढं?” त्याला उत्तर देण्यापेक्षा त्याच्या हातात सुई द्यावी हे बरे. एकदा उतरणारा आणि चढणारा आकडा स्वतः पाहिला की तोही गप्प होऊन पुढचा तुकडा तपासू लागतो.

सुई खरे बोलते का, हे तपासण्यासाठी पुन्हा पाण्याकडेच यावे लागते. पेला बर्फाच्या चुऱ्याने काठोकाठ भरावा, फटी भरतील एवढेच पाणी ओतावे, दोन-तीन मिनिटे ढवळून सुई मधोमध धरावी, पेल्याला टेकू देऊ नये. शून्याच्या एक अंश अलीकडेपलीकडे चालते. दुसरी कसोटी उकळत्या पाण्याची, आणि इथे आमच्या गावाची उंची आड येते. तबकडीच्या मागे असलेला नट फिरवून काटा बरोबर १०० वर आणून ठेवणारे चोख लोक मी पाहिले आहेत. बेळगावात असे करणे म्हणजे चांगला थर्मामीटर हाताने अडीच अंश बिघडवणे. चोर्ला घाट उतरून पणजीला गेले तर १०० बरोबर, इकडे ९७.५ बरोबर. हवेच्या दाबाने उत्कलनबिंदू बदलतो हे खुद्द सेल्सिअसला १७४२ मध्ये, आपली मोजपट्टी मांडताना, ठाऊक होते. खात्री फक्त बर्फाचीच घ्यायची असे ठरवले तरी चालेल, कारण बर्फ बेळगावात आणि पणजीत एकाच आकड्यावर वितळतो.

धुरावर भाजताना हवेचा आकडा कुठे मोजायचा, यावर निम्मे यश अवलंबून आहे. पिंपाच्या झाकणावर बसवलेली तबकडी घुमटातल्या हवेचे तापमान सांगते आणि मांस त्याच्या वीतभर खाली असते. एकाच पिंपात निखाऱ्यांच्या बाजूला आणि लांबच्या टोकाला तीस-चाळीस अंशांचा फरक मी नेहमी पाहतो. म्हणून हवेची सुई मांसाच्या पातळीवर, त्यापासून तीन-चार सेंटिमीटर अंतरावर हवी. अर्धा कच्चा बटाटा जाळीवर पालथा ठेवून त्यात सुई आरपार खोचली आणि टोक हवेत ठेवले की ती धातूला टेकत नाही. धुरासाठी पेरू, आंबा, बाभूळ यांची वाळलेली लाकडे बरी. चंदगड-खानापूरकडे काजू मुबलक असल्यामुळे त्याची टरफले जाळण्याचा मोह होतो; तो आवरावा, कारण त्यातल्या तेलाचा धूर डोळ्यांना, कातडीला आणि घशाला झोंबतो.

मांसाचा आकडा पहिले दोन तास उत्साहाने चढतो आणि ६५ ते ७० च्या दरम्यान कुठेतरी बसकण मारतो. अर्धा तास जातो, तास जातो, ६८ चे ६८. या वेळी शेतावर जमलेल्या मंडळींत अस्वस्थता पसरते, कोणी फुंकणी शोधू लागतो, कोणी सुई बिघडल्याचे जाहीर करतो. सुई ठीक असते. मांसातला ओलावा पृष्ठभागावर येऊन उडत असतो आणि उडताना उष्णता घेऊन जातो; कोळशाकडून मिळणारी ऊब आणि बाष्पीभवनात जाणारी ऊब यांचा हिशेब जुळला की तापमान थांबते. गुऱ्हाळ पाहिलेल्या माणसाला हे चटकन पटते. काहिलीतला रस तासन्‌तास शंभरीच्या आसपास रेंगाळतो, आणि पाणी उडून पाक दाटू लागला की आकडा बघता बघता ११८ कडे धावतो. तेव्हा गुळव्याला इकडेतिकडे बघायलाही फुरसत नसते. पिंपातले मांसही असेच. वरचा थर सुकला की आकडा आपोआप हलतो. घाई असेल तर मांस ॲल्युमिनियमच्या कागदात घट्ट गुंडाळावे. बाष्पीभवन थांबते आणि आकडा लगेच चढतो, मात्र वरची खरपूस साल मऊ पडते. मी मागच्या पायाला गुंडाळतो आणि खांद्याला गुंडाळत नाही, कारण खांद्यात चरबी जास्त असते आणि तो वाट पाहणे सोसतो.

९० ओलांडल्यावर आकड्याचे महत्त्व कमी होऊ लागते. दोन बकरी सारखी नसतात. कोवळ्याचा पाय ८८ ला सुटतो, जुन्या बोकडाचा ९५ लाही हट्ट धरून बसतो. इथे सुई वेगळ्या कामाला येते. ती आत जाताना किती अडते हे बोटांना कळते, आणि लोण्यात गेल्यासारखी विनासायास गेली की काम झालेले असते, मग आकडा काहीही असो. जवारी कोंबडीचे तर आकड्यांशी फारसे सख्यच नाही. ती हिंडून-फिरून वाढलेली, वयाने मोठी, घट्ट स्नायूंची. ७४ ला ती फक्त सुरक्षित होते, खाण्याजोगी होत नाही. तिला धुरी द्यायची असेल तर चवीपुरती द्यावी आणि पुढचे काम पातेल्यात करावे, हे माझ्या मेहुण्याचे मत मला मान्य आहे.

थर्मामीटरला न कळणारी आणखी एक गोष्ट म्हणजे मटण केव्हा कापलेले आहे. सकाळी दुकानासमोर उभे राहून ताजे मटण आणायचे आणि दुपारी शिजवायचे, ही आपली पद्धत रश्शाला साजेशी आहे, कारण दीड-दोन तासांच्या उकळीपुढे बहुतेक सगळे नमते. पण कापल्यानंतर काही तासांत स्नायू ताठरतात आणि तो ताठरपणा उतरायला वेळ द्यावा लागतो. त्याच दिवशी जाळीवर ठेवलेला पाय सगळे आकडे अचूक गाठूनही दाताखाली रबरासारखा ताणतो. आदल्या दिवशी आणून, झाकून, फ्रीजच्या सर्वांत थंड कप्प्यात एक रात्र ठेवलेला पाय त्याच आकड्यांवर निराळा लागतो. ‘शिळे मटण’ म्हणून घरातली थोरली मंडळी नाक मुरडतात, तेव्हा मसाला लावून मुरवत ठेवले आहे असे सांगावे, जे खोटेही नसते.

सुईची निगा सोपी आहे, पण ती ठेवावी लागते. कच्च्या तुकड्यातून काढलेली सुई न धुता शिजलेल्या तुकड्यात घालणे म्हणजे जंतूंची स्वहस्ते ने-आण करणे. शेजारी गरम पाण्याचा पेला आणि साबणाचे फडके ठेवले की प्रश्न मिटतो. तारेच्या सुया नळाखाली धरू नयेत. तार आणि दांडा जिथे जोडलेले असतात तिथून पाणी आत शिरते आणि पुढच्या खेपेस सुई वाटेल ते बरळते, कधी ४० तर कधी २००. अशी सुई मंद आचेच्या ओव्हनमध्ये तासभर वाळवली तर काही वेळा सुधारते, पण नवीन घेणे बरे. आमच्याकडे जूनपासून सप्टेंबरपर्यंत हवेत इतका दमटपणा असतो की डबीतला सेल गळून पितळी पट्ट्यांवर हिरवा थर चढतो, म्हणून मृगाच्या आधीच सेल काढून डबी कोरड्या तांदळाच्या डब्यात ठेवावी. पावसात पिंप पेटत नाही, पुढे श्रावण येतो, मग गणपती, मग नवरात्र, त्यामुळे तिची आठवण कोणाला येत नाही. ती बाहेर निघते खंडेनवमीला, पान्हे, व्हर्नियर आणि मायक्रोमीटर यांच्या पंक्तीत हळदकुंकू लावून घ्यायला. आणि दसरा झाल्यावरच्या पहिल्या रविवारी नवा सेल घालून, पिंप पेटवण्याआधी, बर्फाच्या पेल्यात.